अकरावी बाटली

दर महिन्याप्रमाणे शिवणकाम करणाऱ्या मावशींनी पालिकेच्या सभेत नळाच्या गढूळ पाण्याची बाटली टेबलावर ठेवली. "साहेब, ही अकरावी. नातू तिसऱ्यांदा दवाखान्यात आहे, पाणीसुद्धा पोटात ठरत नाही." कारकुनाने सवयीने बाटलीवर चिठ्ठी डकवली, आकडा घातला आणि ती खिडकीत आधीच्या दहा बाटल्यांशेजारी ठेवली. नगराध्यक्षांना काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी पहिली बाटली मागवून उजेडात धरली. दहा महिने न हलवल्यामुळे गाळ तळाशी बसला होता आणि वरचं पाणी नितळ दिसत होतं. "बघा मावशी, झालं की नाही स्वच्छ? तुम्हाला जरा म्हणून धीर नाही." मावशींनी बाटली घेतली आणि गदागदा हलवली. पाणी पुन्हा गढूळ झालं. "हे काय केलंत!" अध्यक्ष ओरडले. "आता आणखी दहा महिने थांबा!" कारकुनाने इतिवृत्तात लिहिलं: विलंब तक्रारदारामुळे.