सुकटीचा डबा

"आई, माझे डूल कुठे गेले सगळे?" चारुशीला रिकाम्या खणात हात फिरवत ओरडली. पुण्याची गाडी सुटायला आली होती.

"तुझ्या कपाटाला कुलूप नाही गो. मी ठेवले सांभाळून," म्हणत सासूबाईंनी सुकटीचा डबा पुढे केला. "यात चोराचा हात जाईल का?"

चारुशीलाने घाईघाईने झाकण उघडलं. जिताडा माशाची फेकून दिलेली कातडी बाभळीच्या सालीत मुरवून, महिनाभर खपून तिने वास घालवला होता, तेव्हा कुठे हे डूल झाले होते. आता प्रत्येक डुलाला भरल्या मासळीबाजाराचा वास मारत होता. आणि डूल विकायचं पुण्यातलं हे पहिलं प्रदर्शन फसलं, तर पुन्हा सासूबाईंशेजारी मासे विकायला बसायचं ठरलं होतं.

प्रदर्शनात ती मान खाली घालूनच बसली. एका बाईंनी डूल उचलला. "माशाचं कातडं म्हणे! रेक्झिन असणार." त्यांनी तो नाकाशी नेला आणि दचकल्या. "अगं बाई, खरंच मासा आहे की हा!"

त्यांनी मैत्रिणीला हाक मारली, तिने आणखी चौघींना. सगळ्या हुंगायला लागल्या.

"दोन दिवस वाऱ्यावर टांगा, वास जाईल," चारुशीला प्रत्येकीला सांगत होती. संध्याकाळी टेबल रिकामं झालं.

पुढच्या खेपेचे डूल तयार झाले, तोवर कपाटाला नवं कुलूप आलं होतं. तरी चारुशीलाने गुपचूप सुकटीचा डबा उघडला.

"काय गो, चोरांची भीती वाटायला लागली?" मागून सासूबाईंनी विचारलं.

"फार!" म्हणत तिने झाकण घट्ट लावलं.