मैदानावर बसलेली ताई

"थांब, पिन लावते," आजी म्हणाली आणि शाळेच्या फाटकातच नातीला वळवून तिच्या स्कर्टच्या पट्ट्याला आतून सेफ्टी पिन टोचली. पट्टा चांगला घट्ट होता. पण आजीचा कुणाच्याच कपड्यांवर भरवसा नसे. तिच्या पर्समध्ये पैसे कमी आणि पिनाच जास्त, असं घरात सगळे म्हणत.

जुन्या शाळेत कार्यक्रमात नाचताना नात पडली होती. सगळं सभागृह हसलं होतं, आणि कुणीतरी ते मोबाइलवर टिपून वर्गभर फिरवलं होतं. तेव्हापासून तिनं शाळेच्या नावानं कानाला खडा लावला होता. वडिलांनी समजावलं, आईनं विनवण्या केल्या, शेवटी घरच बदललं. या उपनगरात आल्यावर जवळच्या दोन शाळा सोडून आजी हीच शाळा धरून बसली. नातीनं एकच अट घातली होती. एकदा येईन, बघेन, आवडली नाही तर घरीच राहीन. आणि एकदा घरी बसलेली पोर पुन्हा बाहेर पडेल, याची आजीला मुळीच खात्री नव्हती.

खेळाचे सर शाळा दाखवायला आले. गडी बोलका होता. शाळा पत्र्याच्या शेडमध्ये सुरू झाली तेव्हा मैदान मोठं आणि शाळा लहान होती, आता उलटं झालंय, असं सांगून ते स्वतःच हसले. प्रयोगशाळा झाली, गाण्याचा वर्ग झाला, मुलांनी बनवलेला अर्धवट रोबो झाला. नात आपल्या बुटांकडे बघत चालत होती.

व्हरांड्याच्या टोकाला मात्र ती थांबली. तिथं भिंतभर चित्र होतं. धावपट्टीवर एक मुलगी बसली होती. तिचा एक हात शेजारी पडलेल्या दुसऱ्या मुलीच्या गळ्यात होता, दुसरा स्वतःच्या कमरेशी घट्ट दाबलेला.

"ही आमची ताई," सर म्हणाले. "खरं नाव आता कुणालाच माहीत नाही. शेडच्या काळातले सगळे कागद गळतीत गेले."

मग त्यांनी गोष्ट सांगितली. शर्यतीत ताई सगळ्यांच्या पुढं होती. शेवटच्या वळणावर शेजारची मुलगी धडपडली, आणि ताई जिंकत आलेली शर्यत सोडून तिथल्या तिथं खाली बसली, तिला मिठी मारून. शर्यत संपली, बक्षिसं वाटून झाली, तरी उठेना. शेवटी बाईंनी दोघींना एकाच चादरीत गुंडाळून आत नेलं.

"तो कमरेवरचा हात पाहिलात? पोटात कळा येत होत्या तिच्या. पण हूं की चूं केलं नाही. त्या दिवसानंतर ती शाळेत आलीच नाही. त्याच दुखण्यात वारली बिचारी."

आजीला जोराचा ठसका लागला. सरांनी धावत जाऊन पाणी आणलं. घोट घेऊन आजीनं विचारलं, मुलगी खरंच एवढी गोरी होती का? सर म्हणाले, ती रंगवणाऱ्याची कृपा असणार. ऐकीव गोष्टीला पाय फुटतातच, पण गोष्ट खरी आहे.

मैदानावर मुलं रिलेचा सराव करत होती. सरांनी आजी-नातीला पायरीवर बसवलं आणि शिट्टी फुंकली. धावणारी पोरं पहिल्या वळणावर आली न आली तोच एक जाडगेली मुलगी पाय अडकून सपशेल आडवी झाली. नातीनं डोळे घट्ट मिटून घेतले.

हसण्याचा आवाज आला नाही. तिनं डोळे उघडले तर धावणारे सगळे जिथल्या तिथं खाली बसले होते. पडलेलीनं गुडघा झाडला, श्वास घेतला, मान हलवली. मग सगळे एकदम उठले आणि पुन्हा धावू लागले.

"आमची रीत आहे ही," सर म्हणाले. "ताईपासूनची. बाहेरच्या स्पर्धांमध्येही बसतात. परवा पंचांनी सगळ्यांना एकदम बाद केलं." हे सांगताना त्यांची मान ताठ झाली होती. मग ते मुलांकडे गेले.

आजीचे डोळे भरून आले होते. तिनं ते पदरानं टिपले. आपल्या पोरीला हवी होती ती जागा हीच, याबद्दल तिच्या मनात काडीची शंका उरली नव्हती.

"इथं कुणी हसत नाही," नात म्हणाली. "पण आजी, मी नाही येणार."

"का गं?"

"यांची ताई बघ ना. किती शूर. आणि मी पडले तर तोंड लपवून पळाले, ती परत शाळेत गेलेच नाही. मी इथं शोभणार नाही."

आजीनं मैदानाकडं पाहिलं. सर लांब होते. तिनं पर्स उघडली, आतल्या पिना उगाचच चाळवल्या, पुन्हा बंद केली.

"एक सांगते. पण सरांच्या कानावर जाता कामा नये. ही पोरं बसतात तशी बसू देत. शपथ?"

"शपथ."

आजी तिच्या कानाशी वाकली.

"शूर कसली डोंबलाची! मीसुद्धा लाजेनं परत शाळेत पाऊल टाकलं नाही. धावता धावता चड्डीचं इलॅस्टिक तुटलं होतं माझ्या."