नाही म्हणणारी न्यामोयो

उपदेशक ग्लॅडसननं दारातच पायातली चप्पल काढली, उंबऱ्यावर तीनदा आपटली आणि धूळ झटकली.

"आजी, तीन वर्षं झाली. जे ऐकत नाहीत, त्यांच्या दारात पायाची धूळसुद्धा झटकून निघावं, असं शास्त्रात आहे. आता तुम्ही जाणा आणि देव जाणे."

न्यामोयो कसाव्याचे कंद सोलत होती. तिची सुरी थांबली. पण ती बोलली काहीच नाही, आणि हे नवीन होतं. एरवी तिची जीभ सुरीहून धारदार. "आलास? मागच्या वेळचा नरक अजून विझला नाही वाटतं?" हे तिचं स्वागत. स्वर्गाचं वर्णन सुरू झालं की विचारायची, "तिथं कसावा कांडावा लागतो का रे? नाही? मग बायका दिवसभर करतात तरी काय?" दर गुरुवारी ग्लॅडसन तासभर तिच्यापुढे डोकं फोडायचा आणि हात हलवत परतायचा. डुकरांपुढे मोती टाकू नयेत, हे वचन त्याला तिच्याच अंगणात नीट उमगलं होतं.

रविवारी त्यानं चप्पल झटकल्याचं चर्चमध्ये सगळ्यांना सांगितलं. जरा अभिमानानंच.

महिन्याभरानं मंडळीतली न्याचिर्वा त्याला सरोवराच्या काठी भेटली. उसिपा मासळी वाळत घालता घालता म्हणाली, "तुम्ही सांगितल्यापासून आम्ही त्या म्हातारीला विस्तवसुद्धा देत नाही. पाणी तिचं तीच आणते. परवा चढावर पडली म्हणे."

"मी असं कधी सांगितलं?"

"मग चप्पल कशाला झटकलीत?" न्याचिर्वानं अगदी साधेपणानं विचारलं.

त्याच दुपारी त्यानं सरोवरातून बादली भरली, डोक्यावर घेतली आणि चढ चढू लागला. पुरुषाच्या डोक्यावर पाणी पाहून पोरी खिदळल्या. "उपदेशकांची बायको माहेरी गेली वाटतं!" तो थांबला नाही.

न्यामोयो भिंतीला टेकून बसली होती. घोटा सुजून टम्म झाला होता. तो तिच्यासमोर जमिनीवरच बसला. आज बायबल बरोबर नव्हतं.

"आजी, माझं चुकलं. तुमचं मन दगडाचं आहे, असं मी धरून चाललो."

"दगडाचं?" ती हसली. "बुडणारा पेत्र, हरवलेलं मेंढरू, तुझ्या सगळ्या गोष्टी पाठ आहेत मला. पहिल्याच वर्षी पटलं होतं."

"मग हो का नाही म्हणालात?"

तिनं शेजारच्या झोपडीकडे हनुवटीनं खूण केली. "त्या लुसुंगुनं पहिल्या दिवशीच हो म्हटलं. तिचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर तिच्या दारात कधी बसलास?"

ग्लॅडसन आठवू लागला. लुसुंगु. टेकडीवरचा आंधळा सुतार. नदीपलीकडची ती विधवा. त्यांचे बाप्तिस्मे आठवले, नावं आठवली. पण नंतर त्यांच्यापैकी कुणाच्या घरी गेल्याचा एकही दिवस आठवला नाही. त्यानं मान खाली घातली.

"मी नाही म्हणत राहिले," न्यामोयो म्हणाली, "म्हणून तर दर गुरुवारी दारात माणूस यायचं."