एका हाताचं यंत्र

लकव्यात अर्जुनरावांचा उजवा हात गेला आणि त्यांची दारू सुटली. वाइन म्हणजे काही दारू नव्हे, असं मानून त्यांचा इंजिनिअर मुलगा हर्षल नाशिकहून गावी, बीबीला येताना बाटल्या आणायचा. तो परत गेला की त्या कपाटात तशाच उभ्या राहायच्या.

"तू आणतं, पण उघडते कोण बे?" अर्जुनराव फोनवर कुरकुरायचे. "तुही माय म्हणते, मले नाही जमत."

म्हणून हर्षलनं एका हातानं चालणारं यंत्र बनवलं. बाटलीवर बसवायचं आणि दांडा दाबायचा, की बूच अलगद वर येतं.

अर्जुनरावांनी डाव्या हातानं दांडा दाबून पाहिला आणि ते आनंदानं ओरडले, "पाह्य पुष्पे! आता तुही गरजच नाही मले!" त्यांनी एक पेला संपवला, लगेच दुसरा भरला.

कौतुक ऐकायला हर्षल स्वयंपाकघरात गेला. पुष्पाबाई नवऱ्याच्या दारूच्या दिवसांत कपाळावर पडलेल्या खुणेवर बोट ठेवून उभ्या होत्या.



"बूच मलेही काढता येत होतं रे, हर्षल. मी काढत नव्हती."