आलो रे!

२००९च्या मंदीत पगार अर्ध्यावर आला, तसं तन्मयने बायकोला, वैभवीला, पुण्याला पाठवलं. स्वतः मात्र शारजाहून दर शुक्रवारी रास अल खैमाच्या डोंगरात ट्रेकला जायचा. त्यांच्या ग्रुपची पद्धतच होती. वर पोचलेल्याने "आलो रे!" ओरडायचं, मागच्यांनी खालून तीच हाक द्यायची.

आज माथ्यावर असतानाच तिचा फोन आला.

"एकटा नाही ना गेलास?"

"छे गं! हे ऐक." फोन उंच धरून तो दरीकडे ओरडला, "आलो रे!"

खालून उत्तर आलं, "आलो रे... आलो रे..."

"हुश्श! जेरार्डला म्हणावं, याला नीट खाली आण."

"सांगतो."

&nbsp;

ग्रुपमधल्या उरलेल्या त्या शेवटच्या माणसाला, जेरार्डला, तन्मयनेच मागच्या शुक्रवारी एअरपोर्टवर सोडलं होतं. कायमचं वसईला जायला.