दुधाच्या दाताची साक्ष

"आता निघेल खरं काय ते!" यंत्रात ठेवलेल्या नातीच्या दुधाच्या दाताकडे बोट दाखवत सासूबाई म्हणाल्या. "पोटुशी असताना हिने चोरून शेंगदाणे खाल्ले असणार. म्हणून तर चिक्कीच्या एवढ्याशा तुकड्याने पोरीचे ओठ सुजतात."

त्यांची सून मृण्मयी गेली सहा वर्षं हेच ऐकत आली होती.

डॉक्टरांनी यंत्राचा पडदा त्यांच्याकडे वळवला. गरोदर आईने जे जे खाल्लं, ते बाळाच्या दातात थराथराने उमटलं होतं.

"शेंगदाण्याचा कणही नाही. अ‍ॅलर्जी कशाने झाली, ते दात सांगत नाही. पण हे फिकट थर बघा. दूध नाही, अंडं नाही, डाळ नावापुरती. यांना उपाशी ठेवलं होतं का?"

"उपाशी कशाला? पेज देत होतो की! जास्त खाल्लं की पोर मोठं होतं, बाळंतपण अडतं."

"आणि मधेच ही एक गडद रेघ?"

"डोहाळजेवण," मृण्मयी म्हणाली. "त्या दिवशी घरात पाहुणे होते."

तिचा नवरा केदार मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता. तिने मोबाईल हिसकावून घेतला. "इकडे बघ. तेव्हा रोज तुझ्या ताटात मी काय काय वाढत होते, आठवतंय?"

"यंत्र खोटं बोलतंय," सासूबाई पुटपुटल्या.

"डॉक्टर, या दाताचा मोठा फोटो करून द्या. दिवाणखान्यात माझा डोहाळजेवणाचा फोटो आहे, पंचपक्वान्नांच्या ताटापुढचा. तो काढून तिथे हाच लावते. येणाऱ्याजाणाऱ्याला कळू दे, सासरी माझे किती लाड झाले ते."