आतलं त्याचं, बॉनेटखालचं तिचं

"क्लच सोडतोयस की दार आपटतोयस?" दादा ओरडला.

मागची चाकं जागच्या जागी फिरली, धूर निघाला आणि मग कुठे गाडी पुढे झेपावली. धाकटा भाऊ शर्यतीच्या पट्टीच्या टोकापर्यंत गेला आणि वळून परत आला. दादा कुबडी टेकत खिडकीशी पोचला. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. याच सरळ पट्टीवर एका शर्यतीत तो गाडीसकट भिंतीवर आदळला होता. आता स्वतःला जे करता येत नव्हतं, ते सगळं तो धाकट्या भावाकडून करून घ्यायचा.

"क्लच अर्ध्यावर आला की गाडी नाक उचलते. तिथे क्षणभर थांब, मग सोड. आणि गिअर बदलताना मीटरच्या काट्याकडे बघू नकोस. इंजिन ऐक. ते रडायला लागायच्या आत पुढचा गिअर पडला पाहिजे."

"हो दादा," धाकटा म्हणाला. दादाला त्याने आजवर दुसरं उत्तरच दिलं नव्हतं.

धाकट्याची बायको कठड्याशी पाना घट्ट धरून उभी होती. गाडी सुटली की ती डोळे मिटायची आणि परत आली की आधी नवरा धड आहे ना ते बघायची. इंजिनाचं सगळं काम तिच्याकडे होतं. दादाने वाटणीच तशी घालून दिली होती. बॉनेटखालचं मिस्त्रीणबाईंनी बघायचं, आतलं चालवणाऱ्याने. त्याच्या सीटवर दुसऱ्या कुणी बसायचं नाही. पायाखालची चटईसुद्धा त्यानेच झटकायची. दादाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

मध्यंतरी एकदा गाडी घसरून भिंतीला घासता घासता राहिली. त्या संध्याकाळी तिने बॉनेट उघडून अ‍ॅक्सिलरेटरची केबल सैल केली, थोडीशीच. आता पेडल तळाला टेकलं तरी इंजिन पूर्ण जोर लावणार नव्हतं. कुणाला सांगितलं नाही. त्या रात्री तिला बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

धाकटा मात्र हात धुऊन सरावाच्या मागे लागला होता. त्याची सुरुवात सुधारली. चाकं जागेवर फिरायची बंद झाली. गिअर लोण्यात सुरी फिरावी तसे पडू लागले. आणि तरीही टोकाच्या पाटीपर्यंत पोचायला वेळ तेवढाच लागायचा.

"सुटतोस झकास, गिअर झकास, मग माशी शिंकते कुठे?" दादा डोकं खाजवायचा. "या नव्या बुटांचंच काहीतरी आहे. जुने कुठे गेले?"

"एकाची टाच कुत्र्याने पळवली ना, दादा."

"कुत्र्यालाही तुझीच टाच सापडली!"

घरी जेवताना धाकटा मान वर करायचा नाही. "माझ्यातच खोट आहे," तो एकदा म्हणाला. तिने त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

शर्यतीच्या सकाळी दादा शेडमध्ये तिच्याजवळ आला. "आज जमलं नाही तर गाडी विकून टाकतो," तो हळू आवाजात म्हणाला. "मग सकाळी उठायचं तरी कशाला, ते मला ठाऊक नाही."

बाहेर बाकावर धाकटा दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता. चेहरा पांढरा पडला होता. दादाने खांद्यावर थाप मारली तसा तो दचकला आणि हसला. "आज जीव ओततो, दादा."

ते ऐकून तिला राहवलं नाही. त्याची एवढी मेहनत आपण मातीत घालतोय, आणि तो बिचारा स्वतःला दोष देतोय. तिला रडू आलं. मग ती भिंत डोळ्यांसमोर आली. तरीही तिने बॉनेट उघडलं आणि केबल होती तशी घट्ट केली.

आता पेडल तपासायला हवं होतं. बाहेर कुणाचं लक्ष नव्हतं. आजवर तिने त्या दाराला हात लावला नव्हता. ते उघडून ती वाकली आणि हाताने पेडल दाबलं.

ते अर्ध्यावरच अडलं.

आपल्याच हातून केबल कुठेतरी अडकली, असं तिला वाटलं. ती धावत पुढे गेली. केबल मोकळी होती, जशी हवी तशी. परत येऊन तिने जोर लावला. पेडल पुन्हा तिथेच थांबलं.

"झालं का गं?" बाहेरून धाकट्याने विचारलं.

तिने पेडलखालची चटई उचलली. खाली गाडीच्या तळाला डिंकाने नीट चिकटवलेली, कडा तासून बरोबर बसवलेली, त्याच्या जुन्या बुटाची टाच होती.